रजेचा कागद

अमेरिकेतल्या आमच्या डॉक्टर-संघटनेच्या जिल्हा शाखेचं माहितीपत्रक मी लिहिलं आहे. नव्या डॉक्टरांनी संघटनेचं सभासद का व्हावं आणि नुसती वर्गणी न भरता बैठकांना का यावं, याची कारणं त्यात आहेत. नव्या औषधांवर व्याख्यानं होतात, परवान्यासाठी लागणारे शिक्षणाचे तास भरतात, राज्याच्या कायदेमंडळापुढे आपली बाजू मांडली जाते, ओळखी होतात. हे सगळं मी एका रविवारी दुपारी टाइप केलं आणि अध्यक्षांनी एक स्वल्पविरामही न बदलता छापायला दिलं. त्यात खोटं काही नाही. पण मला स्वतःला त्या शाखेचा जो उपयोग झाला, तो पत्रकात लिहिण्यासारखा नव्हता. मला पुण्याला जाऊन बाबांना भेटायचं होतं, आणि त्यासाठी तीन आठवडे हवे होते. एवढीच गोष्ट आहे. ती घडायला दोन वर्षं लागली.

आधी मी कसली डॉक्टर ते सांगायला हवं, कारण आमच्या मराठी लोकांत ते नेहमीच सांगावं लागतं. मी ऑस्टिओपॅथिक डॉक्टर आहे. माझ्या नावापुढे एम.डी.ऐवजी डी.ओ. लागतं. औषधं देणं, टाके घालणं, बाळंतपणं करणं, सगळं तेच. शिवाय आम्हाला हातानं तपासायला आणि हातानं उपचार करायला शिकवतात. पाठ, मान, बरगड्या, सांधे. मिशिगनमध्ये आमची कॉलेजं वेगळी आणि हॉस्पिटलंही वेगळी. मराठी मंडळाच्या गणपतीला शाळेच्या जिममध्ये भेटणारे एक डॉक्टर काका मला दर वर्षी विचारत, "म्हणजे ते हाडं कडकड वाजवतात, ते का?" मी "हो, तसंच काहीसं" म्हणून कागदी प्लेट घेऊन पुढे सरकत असे. समजावत बसायचं त्राण नसे.

मी सतराव्या वर्षी पुण्याहून ॲन आर्बरला मामा-मामीकडे शिकायला आले. आईबाबा पुण्यातच राहिले. माझी शाळा कॉन्व्हेंट. घरी बोलायला मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं इंग्रजीत. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. कालव्यांचे आणि धरणांचे नकाशे काढायचे, त्यांवर अक्षरं घालायचे. माझं मराठी अक्षर त्यांना बघवत नसे. मी निघाले तेव्हा त्यांनी एकच अट घातली, की पत्र मराठीत लिहायचं. माझ्या पहिल्या वर्षीच्या पत्रांतल्या चुकांची यादी ते पुढच्या एअरोग्रामच्या, म्हणजे घडीच्या निळ्या टपालपत्राच्या, तळाशी पाठवत, क्रमांक घालून. आज मी जे मराठी लिहिते ते त्या याद्यांतून शिकलेलं आहे.

एम.डी.च्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला नाही, डी.ओ.च्या मिळाला. मामी म्हणाली, "डॉक्टर ते डॉक्टर. बायोडेटात शेवटची दोन अक्षरं कोण बघतंय?" बाबांनी पत्रात अभिनंदन लिहिलं आणि खाली विचारलं, की ऑस्टिओपॅथीला मराठीत काय म्हणायचं. मला सांगता आलं नाही. शेजारीपाजारी ते नुसतं "डॉक्टर" म्हणून सांगत राहिले.

इंटर्नशिप संपल्यावर मी ॲन आर्बरपासून तासाभरावर, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याच्या गावात एक दवाखाना चालवायला घेतला. आधीचे डॉक्टर फ्लोरिडाला निघून गेले. जाताना पेशंट, एक्स-रेचं मशीन आणि एक रिसेप्शनिस्ट मागे ठेवून गेले. ही बाई माझ्या आईच्या वयाची. फोन घ्यायची, ब्लडप्रेशर बघायची, बर्फ पडला की दारापुढचा रस्ताही मोकळा करायची आणि मला "डॉक" म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "डॉक, तू आजारी पडलीस तर कोण?" मी म्हटलं, "मी आजारी पडत नाही." ती म्हणाली, "आधीचेही हेच म्हणायचे. म्हणून फ्लोरिडाला गेले."

एकटीचा दवाखाना म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं आणि रोज तसं जगणं यांत फरक आहे. सकाळी हॉस्पिटलमध्ये माझे दाखल पेशंट, मग संध्याकाळपर्यंत दवाखाना, आणि कमरेला पेजर, जो रविवारीही काढता येत नसे. पहिल्या वर्षी वाटायचं, हा थकवा नवेपणाचा आहे, जाईल. दुसऱ्या वर्षी त्याच्याबद्दल काही वाटेनासं झालं. मी उभ्यानं जेवायची. दवाखान्यामागच्या पार्किंगमध्ये गाडीचा हीटर चालू ठेवून पाच मिनिटं नुसती बसायची, कारण तेवढ्या जागेत मला कुणी काही विचारत नसे. एकदा लाल सिग्नलला डोळा लागला आणि मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून उठवलं. त्यानं उतरून काचेवर टकटक केली. पाहतो तर त्याचीच डॉक्टर. ओशाळून म्हणाला, "सॉरी डॉक, घाई नाही, सावकाश जा."

शाखेच्या बैठकीला मी गेले ती अध्यक्षांमुळे. ते हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये भेटले. सत्तरीचे, उंच, शेतकऱ्यासारखे मोठे हात, आणि सगळ्यांना "डॉक्टर" म्हणायची सवय. "डॉक्टर, पहिल्या मंगळवारी हायवेजवळच्या स्टेक हाऊसमध्ये आम्ही जमतो. जेवण बरं असतं." मी शाकाहारी आहे हे सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांचा मजला आला.

तर पहिल्या मंगळवारी मी स्टेक हाऊसच्या मागच्या खोलीत भाजलेला बटाटा आणि सॅलड घेऊन बसले. बारा-तेरा डॉक्टर, बहुतेक माझ्या वडिलांच्या वयाचे. आधी जेवण, मग औषध कंपनीच्या माणसाच्या स्लाइड्स, मग कामकाज. आणि कामकाजानंतर एकजण आपल्या स्टेशन वॅगनमधून घडीचं उपचाराचं टेबल घेऊन आला. खुर्च्या भिंतीला सरकवल्या. ज्याची मान धरली होती त्यानं कोट काढला, टाय सैल केला आणि तो आडवा झाला. दोघं-तिघं बेसबॉलच्या गप्पा मारत त्याची मान मोकळी करू लागले. वेट्रेस कॉफीचं भांडं घेऊन त्या टेबलाला वळसा घालून जात होती, जणू ते सोफ्यासारखं नेहमीचंच सामान होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी दाबणारी ही माणसं महिन्यातून एकदा एकमेकांच्या पाठी दाबत. हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या बैठकीला त्यांनी मला सेक्रेटरी केलं. हजेरीच्या वहीत मी सही केली होती, ती पाहून एकजण ओरडला, "अरे, हिचं अक्षर वाचता येतं!" आधीच्या सेक्रेटरींनी चार वर्षं लिहिलेली इतिवृत्तं कुणालाच, खुद्द त्यांनाही, वाचता येत नव्हती. मतदान झालं. मी नाही म्हणेपर्यंत टाळ्या वाजल्या होत्या.

सेक्रेटरीकडे इतिवृत्ताबरोबर आणखी एक गोष्ट असे: रजेचा कागद. पत्र्याच्या पाठीवर क्लिपनं लावलेला साधा रेघांचा कागद. डावीकडे ज्याला रजा हवी त्याचं नाव आणि तारखा, उजवीकडे त्याच्या पेशंटकडे कोण बघणार त्याचं नाव. कामकाजाच्या शेवटी मी तो मोठ्यानं वाचायची, आणि ज्या जागा रिकाम्या असत त्यांवर कुणीतरी हात वर करायचं. पैशांचा व्यवहार नाही. आज मी तुझ्याकडे बघतो, पुढे तू माझ्याकडे बघ. कुणाला मासे पकडायला जायचं असे, कुणाच्या मुलीचं लग्न. त्या कागदावर उजव्या बाजूला माझं नाव अनेकदा आहे. एका डॉक्टरांचं पित्ताशय काढलं तेव्हा अकरा दिवस मी माझा दवाखाना दुपारपर्यंत आणि त्यांचा दुपारनंतर चालवला, मधल्या वीस मैलांवर बर्फ. डाव्या बाजूला दोन वर्षांत माझं नाव एकदाही नाही.

अध्यक्ष दर वेळी विचारत. सगळ्यांचं झालं की माझ्याकडे वळून, "सेक्रेटरी, तुमचं काही?"

"नाही, नाही. ठीक आहे."

ते मान हलवत आणि पुढे जात. मला दर वेळी थोडं लागे. मी लाजाळू आहे हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. मी वाट पाहत असे, की ते पुन्हा विचारतील. तशी वाट पाहते आहे हेही मला तेव्हा नीट कळत नव्हतं. खोली रिकामी झाली की कागद पिशवीत घालताना वाटायचं, बघ, कुणाला पडलेली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात अध्यक्षांना बरगड्यांचा एक उपचार दाखवायचा होता आणि लहान चणीचं माणूस हवं होतं. मी स्वेटरसकट पालथी झोपले. त्यांनी खांद्यांच्या मध्ये हात ठेवला आणि तो तिथेच थांबला. बेसबॉलच्या गप्पाही थांबल्या.

"डॉक्टर, शेवटची सुट्टी कधी घेतलीत?"

"घेईन लवकरच."

"कागदावर काही लिहायचंय?"

"नाही, नाही. मी अगदी मजेत आहे." मी टेबलाच्या रेक्झिनशी बोलत होते.

हात आणखी क्षणभर राहिला. मग ते इतरांना म्हणाले, "आता चौथ्या बरगडीकडे बघा."

बाबांबद्दल मला शंका आली ती याच सुमारास, आणि ती एअरोग्रामवरून. त्यांचं अक्षर नकाशावरच्यासारखं असायचं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या घडीपर्यंत एकाच मापाचं. आता ओळ मोठ्या अक्षरात सुरू होई आणि उजवीकडे जाता जाता बारीक होत जाई. शेवटचा शब्द मुंगीएवढा. आधी वाटलं, आईला लिहायला जागा ठेवत असतील. पण आईच्या तीन ओळींखालीही आता निळा कागद कोराच राहू लागला होता. आईनं लिहिलं होतं, "बाबा बरे आहेत. चालताना हल्ली हात हलवत नाहीत. मी म्हणते, परेडला निघालात का?"

मी ती ओळ दवाखान्यात, दोन पेशंटच्या मध्ये वाचली. मग सहा महिन्यांचे एअरोग्राम डेस्कवर तारखेनं लावले. एखाद्या पेशंटनं हे कागद आणून दिले असते तर मी लगेच सांगितलं असतं: अक्षर बारीक होतंय, चालताना हात हलत नाही, कंपवाताची सुरुवात. पार्किन्सन. त्यानं माणूस लगेच जात नाही. हळूहळू एकेक गोष्ट जाते. अक्षर, चेहऱ्यावरचं हसू, आवाज. बाबांची पहिली गोष्ट निघाली होती. बाकीच्या जायच्या आत मला त्यांना पाहायचं होतं, आणि पुण्यातल्या चांगल्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, कारण आपणहून ते गेले नसते.

आईबाबांकडे फोन नव्हता, शेजाऱ्यांकडे होता. ठरल्या रविवारी ते तिथे येऊन बसत. मी म्हटलं, "बाबा, मी येऊ का?"

"छे गं. पेशंट सोडून कशाला? इथे काय आहे बघण्यासारखं?"

आवाज मऊ झाला होता, लांबून आल्यासारखा. मला वाटलं, लाइनचा दोष. मग मी फोन ठेवला, आणि खरं लिहायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. बाबा नको म्हणाले. तीन आठवडे कुणाकडे मागायची गरज नाही. असं मी पुढच्या वर्षात तीनदा विचारलं असेल, दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवून, आणि दर वेळी एकाच "नको" वर फोन खाली ठेवला.

हे मामीला कळलं ते पुढच्या थँक्सगिव्हिंगला, नोव्हेंबरच्या शेवटी. मी स्वयंपाकघरात उभी राहून मटार सोलत होते आणि ती पोळ्या लाटत होती.

"डिसेंबरात जातेयस ना पुण्याला? तिकिटं मिळत नाहीत हं नंतर."

"बाबा नको म्हणाले."

मामीनं लाटणं खाली ठेवलं. "नको म्हणाले म्हणून कॅन्सल केलंस?"

"बुकच नव्हतं केलं."

"अगं, तुझे बाबा पोळीला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणतात का? माझ्या लग्नात एकाच आग्रहावर सोडलं मी त्यांना, तर उपाशी उठले होते! तुझ्या आईनं मला अजून माफ केलेलं नाही. आणि तू पोटची पोरगी, एकदा विचारून फोन ठेवतेस?" मग मामाला ऐकू जाईल अशा आवाजात, "बघा हो, भाची तुमची अगदी अमेरिकन झाली!"

टीव्हीपुढून मामा म्हणाले, "तिला पोळी वाढ."

"वाढू का गं?"

"नको," मी म्हटलं.

"बघा!" मामी म्हणाली आणि तिनं विचारायचं सोडून दोन पोळ्या ताटात टाकल्या.

परत जाताना तासभर मी रेडिओ लावला नाही. बाबांना मी एका "नको" वर सोडून देत होते, आणि तिकडे स्टेक हाऊसमध्ये स्वतः "नको" म्हणून दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसले होते, जो त्या देशात येत नाही. दोन्हीकडे मी सोयीचं तेवढंच घेतलं होतं. रस्त्याच्या कडेनं मळलेल्या बर्फाचे ढीग होते. रडू आलं नाही; तेवढीही ताकद नव्हती बहुधा.

डिसेंबरचा पहिला मंगळवार आला. वेट्रेसनं "पुन्हा बटाटाच ना?" विचारलं. स्लाइड्स झाल्या, कामकाज झालं, मी रजेचा कागद वाचला. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, तुमचं काही?"

रस्ताभर मी वाक्य पाठ करत आले होते. तोंडातून निघालं, "नाही, नाही. ठीक आहे."

"बैठक संपवावी असा ठराव मी मांडतो," पित्ताशयवाले डॉक्टर म्हणाले. "टेबल आणा, माझी कंबर गेली आहे." कुणीतरी अनुमोदन दिलं. ते मला इतिवृत्तात लिहायचं होतं. मी निम्मं लिहिलं आणि पेन थांबलं.

"थांबा," मी म्हटलं.

ते इतकं हळू होतं, की खुर्च्या सरकवायचे आवाज चालूच राहिले. माझी बशी उचलायला आलेली वेट्रेस मात्र शेजारीच उभी होती. तिनं बशी कमरेवर टेकवून सगळ्यांना ऐकवलं, "अहो डॉक्टर लोक, ही काहीतरी म्हणतेय!"

सगळे वळले. अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले, "ठराव मांडून झालाय, डॉक्टर. नियमानं आता विषय काढता येत नाही. तुम्हीच मला ते नियमांचं पुस्तक वाचून दाखवलं होतंत."

"माझी कंबर वाट बघेल," पित्ताशयवाले म्हणाले. "ठराव मागे."

"मला रजा हवी आहे."

"शेवटी!" कुणीतरी म्हणालं. "किती? शनिवार-रविवार?"

"तीन आठवडे. जानेवारीत."

त्या कागदावर कुणी कधी सलग तीन आठवडे मागितले नव्हते. जानेवारी म्हणजे फ्लूचे दिवस.

"तीन आठवडे? चंद्रावर चाललीस का?"

"पुण्याला. भारतात." आणि मग, कारण कुणी विचारलं नव्हतं तरी सांगणं भाग होतं, "माझे वडील आजारी आहेत. त्यांचं अक्षर बारीक व्हायला लागलंय."

यापुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. सगळे डॉक्टरच होते. वेट्रेसला कळलं नसावं, पण ती बशी घेऊन तिथेच थांबली होती.

पित्ताशयवाल्यांनी खुर्ची पुन्हा ओढून घेतली. "माझ्या आजारपणात ही पोरगी अकरा दिवस माझ्याकडे बसली. परत गेलो तर पेशंट विचारतात, 'ती नाही का आज?' पहिला आठवडा माझा लिही. दुपारनंतर येईन, सकाळी लोकांना धीर धरू दे."

मग एकेक दिवस भरत गेला. कुणी मंगळवार घेतले, कुणी शनिवार-रविवारचा पेजर. एकानं स्पष्ट सांगितलं, की त्याला जमणार नाही, त्याचा स्वतःचाच दवाखाना त्याला झेपत नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तो चेहरा मी रोज आरशात बघत होते. माझ्याच नावापुढे, माझ्याच वळणदार अक्षरात, मी सात जणांची नावं लिहिली. शेवटी एक गुरुवार उरला, तो अध्यक्षांनी घेतला. त्यांनी तेव्हा पेशंट बघणं जवळजवळ सोडलंच होतं.

नंतर टेबलाची घडी घालायला मी अध्यक्षांना मदत केली. ते म्हणाले, "तुमच्या पाठीनं मला हे गेल्या हिवाळ्यातच सांगितलं होतं."

इतकी धीट मी त्या खोलीत कधीच नव्हते, पण विचारलं, "मग तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "तुम्ही नाही म्हणालात, डॉक्टर. एकदा नाही, दोनदा. मोठं माणूस नाही म्हणतं तर ते खरं मानायचं. पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे तुमचा शब्द खोटा ठरवणं."

माझ्या घरी पुन्हा न विचारणं हा अपमान, त्यांच्या घरी पुन्हा विचारणं. दोन वर्षं ते माझा मान राखत होते. मी म्हटलं, "थँक यू." त्यांना वाटलं, गुरुवारबद्दल.

रिसेप्शनिस्टनं कागदाची नक्कल काउंटरमागे चिकटवली आणि बोटानं नावं मोजली. "सात बॉस! एकीनंच जीव नकोसा केलाय." निघायच्या आदल्या दिवसापर्यंत मी प्रत्येक नाजूक पेशंटचं एकेक कार्ड लिहून ठेवत होते. शेवटी तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "जा आता. बाबांना माझा हॅलो सांग."

पुण्याला बाबांनी दार उघडलं. दाराची कडी काढायला त्यांना बराच वेळ लागला, तो मी बाहेर उभी राहून ऐकला. चेहऱ्यावर फारसं काही दिसलं नाही. माझं मन क्षणभर खट्टू झालं, आणि मग आठवलं, की आता चेहऱ्यावरून काही ओळखायचं नाही.

"कशाला आलीस एवढ्या लांब?" ते हळू आवाजात म्हणाले. मागून आई म्हणाली, "चार दिवस झाले, रोज गॅलरीत उभे आहेत."

पहिले दोन दिवस मी झोपले. दुपारचं झोपले, जेवणानंतर झोपले, वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांना पाटावर बसवून मी मागून त्यांच्या खांद्यांवर हात ठेवले. लाकडासारखे कडक झाले होते. मी जोर लावला नाही, नुसते हात ठेवून वाट पाहिली, जसं शिकवलं होतं तसं. बऱ्याच वेळानं उजवा खांदा थोडा खाली आला.

"हेच का ते तुमचं?" बाबांनी विचारलं.

"हो. यानं बरं नाही होणार पण."

"असू दे. याला मराठीत काय म्हणायचं?"

"अजून नाही सापडलं."

त्यांनी मान हलवली. तो शब्द ते शोधत बसणार, हे मला माहीत होतं.

मग मी म्हटलं, "बाबा, उद्या डॉक्टरांकडे जाऊ या. मी वेळ घेतली आहे."

"नको. कशाला? तू आहेस ना."

"माझा तो विषय नाही. जाऊ या."

"नको गं. गर्दी असते तिथे."

मी थांबले. पेजर नव्हता, घड्याळ मी आतल्या खोलीत काढून ठेवलं होतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"बाबा," मी तिसऱ्यांदा म्हटलं, "जाऊ या ना."

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे खिडकीतल्या माणसानं फॉर्म पुढे केला. "नाव, पत्ता, वय. लवकर भरा आजोबा, मागे लाइन आहे." मी फॉर्म माझ्याकडे ओढणार होते. चांगल्या अक्षरात अर्ध्या मिनिटात भरून झाला असता. पण बाबांनी पेन धरलं होतं. त्यांनी पहिलं अक्षर काढलं, नकाशावरच्यासारखं, मग दुसरं, त्याहून थोडं बारीक. ओळीच्या शेवटाकडे जायला त्यांना किती वेळ लागला, ते मला सांगता येणार नाही. मागचा माणूस खाकरला. मी त्याच्याकडे वळून म्हटलं, "थांबा जरा," आणि हे मी कुणालाही ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हटलं होतं. मग मी भिंतीला टेकून उभी राहिले. तिकडे मिशिगनमध्ये अजून कालची रात्र होती, आणि माझ्या पेशंटकडे दुसरं कुणीतरी बघत होतं.